घोडा विकत घेण्याआधी त्याला कसं पारखावं

घोडा बघायला जाण्याच्या आदल्या दिवशी मालकाला एक गोष्ट आवर्जून सांगा: आम्ही येईपर्यंत त्याला बाहेर काढू नका, खरारा (ब्रशने अंग घासून साफ करणं) करू नका, खोगीर चढवू नका. तासभर पळवून दमवलेला घोडा कुणालाही गरीब वाटतो. शिवाय अंग गरम झालं की सकाळचा ताठरपणा लपतो. तुम्हाला बघायचाय तो त्याचा रोजचा अवतार, सजवून उभा केलेला नव्हे.

पोहोचल्यावर आधी पाठीवर, तंगाच्या (खोगीर पोटाखालून आवळायच्या पट्ट्याच्या) जागी आणि छातीशी हात फिरवा. केस ओले असतील, घाम वाळून चिकटलेले असतील किंवा घोडा नुकताच धुतलेला दिसला, तर कारण विचारा. उत्तर पटलं नाही तर दुसऱ्या दिवशी या.

मग दहा मिनिटं नुसतं बघत उभं राहा. लाकडाची कड दातात धरून हवा ओढणं, दारात उभं राहून डोकं सतत डावीउजवीकडे झुलवणं या खोडी अशा वेळी दिसू शकतात. फळ्या कुरतडलेल्या आहेत का आणि पुढच्या दातांची धार घासली आहे का, तेही बघा. खरारा, खूर साफ करणं, लगाम घालणं, तंग आवळणं, सगळं तुमच्यासमोर होऊ द्या. तंग आवळताना कान मागे टाकून चावायला वळणाऱ्या घोड्याची पाठ दुखत असू शकते, खोगीर बसत नसेल किंवा पोटात अल्सर असेल. ‘त्याचा स्वभावच तसा आहे’ यावर समाधान मानू नका.

चारही पायांवरून वरपासून खुरापर्यंत हात फिरवा, उजव्या-डाव्याची तुलना करत. एकाच पायात ऊब किंवा सूज असेल तर ती महत्त्वाची. दोन्हीकडे सारखीच, मऊ, थंड सूज असेल तर बऱ्याचदा ती नुसती उभं राहिल्याची असते आणि चालल्यावर उतरते. विश्रांतीत मोठ्या घोड्याची नाडी मिनिटाला साधारण 28 ते 44 आणि श्वास 8 ते 16 असतो. अनोळखी माणसं भोवती जमली की दोन्ही थोडे वाढतात.

आता चाल. इथे घाई करू नका, कारण पुढचा बराचसा खर्च पायांवरच होतो. सपाट, कडक जमिनीवर घोड्याला सरळ रेषेत आधी साध्या चालीने, मग दुडक्या चालीने तुमच्यापासून दूर आणि परत तुमच्याकडे आणायला सांगा. लंगडणं दुडकीत लवकर कळतं, कारण तेव्हा तिरप्या जोडीतले दोन पाय एकाच वेळी भार घेतात आणि दुखरा पाय त्यातला आपला वाटा टाळतो. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर जातं आणि चांगला पाय टेकताना खाली येतं. मागच्या पायासाठी पाठीमागून ढुंगणाच्या दोन्ही बाजू बघा: दुखऱ्या बाजूची हालचाल जास्त वरखाली होते. दोरी सैल हवी. धरणाऱ्याने डोकं आखडून धरलं की ही मान हलणंच दिसत नाही, आणि काही जण मुद्दाम तसंच धरतात. सरळ रेषेत ठीक वाटलेला घोडा कडक जमिनीवर लहान वर्तुळात दोन्ही बाजूंना फिरवल्यावर कधीकधी लंगडतो.

स्वारी पहिल्यांदा मालकाने किंवा त्याच्या माणसाने करायची. तो बसायला तयार नसेल तर तुम्हीही बसू नका. लगामाची तोंडातली कडी कसली आहे आणि डोकं खाली ठेवायला जादा पट्टे लावलेत का, ते बघा आणि ते का लागतात ते विचारा. मग हेल्मेट घालून, तंग स्वतः तपासून, बंदिस्त रिंगणात तुम्ही बसा. चढताना तो स्थिर उभा राहतो का? दहा मिनिटं साधी चाल, थांबणं, वळणं. मग दुडकी, मग कँटर (दुडकीहून वेगाची चाल), सगळं दोन्ही बाजूंना, कारण बऱ्याच घोड्यांची एक बाजू ताठ असते. वजनाचा हिशोब आधीच करून ठेवा: स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या 15 ते 20 टक्क्यांपलीकडे जाऊ नये, म्हणजे 450 किलोच्या घोड्यावर जास्तीत जास्त 90.

रिंगणातला शहाणा घोडा बाहेर वेगळा निघू शकतो. आधी दुसऱ्या घोड्यासोबत आणि मग एकट्याला फाटकाबाहेर न्या. सोबत्यांपासून दूर जाताना अडतो का, गाड्यांना बुजतो का, परतताना घराकडे ओढ घेतो का, हे त्या अर्ध्या तासात कळतं. जे काम तुम्हाला पुढे रोज करायचं आहे तेच करून बघा. उडी मारायची नसेल तर त्याची उडी बघण्यात अर्थ नाही.

घोडा आवडला तरी त्याच दिवशी पैसे देऊ नका. वेगळ्या वेळी पुन्हा या, जमलं तर तुमच्या प्रशिक्षकाला घेऊन. घोडी असेल तर दोन भेटींत काही दिवसांचं अंतर ठेवा. मोसमात तिचं माजाचं चक्र साधारण 21 दिवसांचं असतं आणि माजावर असताना काही घोड्यांचं वागणं ओळखू येणार नाही इतकं बदलतं.

खरेदीपूर्व तपासणीसाठी पशुवैद्य तुमचा हवा, विकणाऱ्याचा नको. सांधा काही वेळ दुमडून धरून लगेच दुडकीत चालवण्याची चाचणी आणि रक्ताचा नमुना या दोन्हींचा आग्रह धरा. वेदनाशामक किंवा गुंगीचं औषध दिलेलं होतं का, ते नुसत्या नजरेला कळत नाही. खालचा ओठ लोंबत आहे, डोळे जड आहेत, ही खूण दुपारी डुलकी घेणाऱ्या म्हाताऱ्या घोड्यातही दिसते.

काही मालक घोडा काही दिवस घरी न्यायला देतात. तसं असेल तर किती दिवस, इजा झाली तर खर्च कुणाचा, विमा कुणाचा, घोडा परत कोण पोहोचवणार आणि अनामत कधी परत मिळणार, हे कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. त्या दिवसांत चारा आणि खाद्य मालकाकडचंच आणा. खाद्य बदलायचं तर सात ते दहा दिवसांत हळूहळू बदलावं लागतं. एकदम बदललं की पोटशूळ होऊ शकतो, आणि मग घोडा मुळात कसा होता याचा अंदाजच येत नाही.