घरच्या सर्व्हरवरची वेबसाइट नव्याने करताना या चुका टाळा

पावसाआधी कौलं परतायला माणसं आली की त्याच दिवसांत भिंतींना रंग काढायचं आमच्या घरात कुणाच्या डोक्यात येत नाही. वेबसाइटच्या बाबतीत मी मात्र नेमकं तेच केलं. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आलेली. गोव्यातल्या फोंड्याच्या घरी टीव्हीमागे ठेवलेल्या रास्पबेरी पाय नावाच्या छोट्या संगणकावर माझी साइट चालते. माटोळीला (गणपतीच्या वर टांगायच्या लाकडी चौकटीला) बांधायच्या रानफळांची ती नोंदवही म्हणा: कुठलं फळ कधी मिळतं, कुठल्या गावात त्याला काय म्हणतात, सोबत फोटो. एका शनिवार-रविवारात मी यंत्र बदललं, वर्डप्रेस हा साइट चालवणारा प्रोग्राम सोडून साधी एचटीएमएल पानं तयार करणारा दुसरा घेतला, आणि साइटचं रूपही बदललं. सोमवारी सकाळी मावसभावाचा फोन. "दादा, तोरिंजनाचं पान उघडत नाही रे. आणि कांगलांच्या पानावर नुसती प्रश्नचिन्हं आहेत."

दोष शोधण्यात नऊ दिवस गेले. तीन गोष्टी एकदम बदलल्या की कुठली कुणामुळे बिघडली ते सांगता येत नाही. आता मी आधी जुनी साइट आहे तशी नव्या यंत्रावर नेतो आणि आठवडाभर चालू देतो. मग प्रोग्राम. रंगरूप सगळ्यात शेवटी.

पत्ते मोडणे

नव्या रूपाच्या नादात होणारी सगळ्यात महाग चूक हीच. लोकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेले, कुणी बुकमार्क करून ठेवलेले दुवे जुन्या पत्त्यांचे असतात. पत्ता बदलायचाच असेल तर सर्व्हरवर जुन्यावरून नव्याकडे ३०१ ची वाट लावावी. हे सर्व्हरने ब्राउझरला द्यायचे खुणेचे आकडे: ३०१ म्हणजे कायमचं स्थलांतर, ३०२ म्हणजे तात्पुरतं. घाईत बरेच जण ३०२ लावतात आणि विसरतात. सगळे जुने पत्ते मुखपृष्ठाकडे वळवणं त्याहून वाईट. तोरिंजन शोधायला आलेल्या माणसाला दारातून आत घेऊन अंगणात उभं केल्यासारखं ते होतं.

मराठी पत्त्यांची एक खास गोची आहे, ती कुठे लिहिलेली मला सापडली नव्हती. पत्त्यात देवनागरी असली की प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट होतात आणि टक्क्याच्या खुणेसकट लिहिताना एका चिन्हाला नऊ अक्षरं लागतात. काना, मात्रा, अनुस्वार ही वेगळी चिन्हं धरायची. वर्डप्रेस पत्त्याचा हा भाग २०० अक्षरांवर कापतो, म्हणजे साधारण २२ चिन्हांवर. "तोरिंजन कुठे मिळतं आणि कसं ओळखावं" हे शीर्षक जुन्या साइटवर मध्येच तुटलेलं होतं. नव्या प्रोग्रामने पूर्ण शीर्षकाचा पत्ता केला. वरून दोन्ही सारखे दिसायचे, जुळत मात्र नव्हते. म्हणून पत्त्यांची यादी शीर्षकांवरून तयार करू नका. जुन्या डेटाबेसमधून आणि सर्व्हरच्या लॉगमधून (कोण कुठल्या पानावर आलं त्याच्या नोंदींतून) काढा. बदल झाल्यावर पहिले दोन आठवडे ४०४ च्या, म्हणजे पान न सापडल्याच्या, नोंदी रोज चाळा. वर्डप्रेसची लॉगिन पानं शोधत आपोआप फिरणारे प्रोग्राम, म्हणजे बॉट, त्यात भरपूर दिसतील, तुमच्याकडे वर्डप्रेस नसलं तरी. ते सोडून द्या आणि उरलेलं बघा.

"घरच्या लॅपटॉपवर फोटो दिसतात, सर्व्हरवर दिसत नाहीत" या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा फाइलच्या नावातलं लहान-मोठं इंग्रजी अक्षर असतं. विंडोजला जेपीजी मोठ्या लिपीत लिहिलं काय नि छोट्या लिपीत काय, एकच. लिनक्सला त्या दोन वेगळ्या फाइली. सगळी नावं छोट्या लिपीत करून टाका.

मजकूर बिघडणे

इथे घाई केली की कायमचं नुकसान होतं, म्हणून थोडं सविस्तर. बिघाड दोन तऱ्हेचे असतात. पानावर इंग्रजी 'a' च्या डोक्यावर टिंबं-रेघा असलेली परकी अक्षरं आणि चिन्हं यांची भेळ दिसत असेल तर घाबरू नका. मजकूर शाबूत आहे, तो चुकीच्या एन्कोडिंगने (अक्षरं आकड्यांत साठवायच्या पद्धतीने) वाचला जातोय एवढंच. डेटाबेसचा जोड किंवा पानाची घोषणा यूटीएफ-८ (सगळ्या लिपी मावतात ते एन्कोडिंग) केली की बहुधा सुटतं. पण त्या अवस्थेत पान उघडून दुरुस्ती करून सेव्ह करू नका, नाहीतर भेळच खरी होऊन बसते. याउलट प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह आलं असेल आणि डेटाबेसमध्येही तसंच दिसत असेल तर मूळ अक्षरं गेली. देवनागरी न मावणाऱ्या तक्त्यात ती ओतली गेली, आणि आता कुठल्याही सेटिंगने परत येणार नाहीत. जुना बॅकअप बाहेर काढून त्यातून ती परत आणायची. कांगलांचं माझं पान असंच गेलं होतं.

वर्डप्रेस ज्यात मजकूर ठेवतं त्या मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये आणखी एक सापळा. त्यातलं जुनं 'यूटीएफ८' तीन बाइटांपर्यंतच अक्षर घेतं. मराठी त्यात बसते, म्हणून वर्षानुवर्षं कळत नाही. कुणीतरी इमोजी टाकतो, त्याला चार बाइट लागतात, आणि सेटिंग ढिली असेल तर इमोजीपासून पुढचा सगळा मजकूर गुपचूप कापला जातो. 'यूटीएफ८एमबी४' वापरा. मायएसक्यूएल ८.० पासून नव्या डेटाबेसला तेच आपोआप मिळतं, पण जुन्यातून आलेले तक्ते जुनेच राहतात. ते एकेक तपासावे लागतात.

आणि हे माझ्या हातून घडलेलं. मजकूर 'स्वच्छ' करायला मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली: दोन जागांची एक जागा, आणि न दिसणारी चिन्हं काढून टाक. दुसऱ्या दिवशी वाचतो तर "सत्तरीच्या दऱ्यांत सापडणारी वेल" ची "दर्यांत सापडणारी वेल" झालेली. वेल थेट समुद्रात! अर्ध्या 'र' चं आडवं रूप जुन्या कीबोर्डांवर 'र्' आणि 'य' यांच्यामध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालून उमटतं. ते काढलं की रफार होतो. अदृश्य चिन्हं सरसकट काढणारी कुठलीही स्क्रिप्ट मराठीवर चालवू नका.

रूपाबद्दल दोनच गोष्टी. इंग्रजीसाठी बनवलेल्या थीममध्ये ओळींमधलं अंतर कमी असतं, मग वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत घुसतात. अक्षराच्या दीडपट ते पावणेदोनपट ठेवा. अक्षरांमधलं अंतर वाढवायची फॅशन मराठीला शोभत नाही, कारण शिरोरेखा तुटते. पानाची भाषा 'एमआर' अशी घोषित करायला विसरू नका. नोटोसारखे काही फॉन्ट त्यावरूनच ल आणि श मराठी वळणाचे दाखवतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. फॉन्टची फाइल छोटी करण्यासाठी अक्षरं कापायचा मोह झाला तर जोडाक्षरं तपासून घ्या. 'ज्ञ' आणि 'क्ष्म' फुटले की समजावं, कात्री जास्त चालली.

साइट उघडतच नाही

आधी सर्व्हर रीस्टार्ट करू नका. मोबाइलचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर उघडून बघा. तिथे उघडली आणि घरच्या वायफायवर नाही उघडली, तर साइट ठीक आहे. घरातून बाहेर जाऊन त्याच राउटरवर परत येणारी वाट कित्येक घरगुती राउटरांना जमत नाही. मी एकदा यापायी अर्धी रात्र घालवली, आणि शेजारचे काका त्यांच्या फोनवर निवांत साइट वाचत होते.

दोन्हीकडे बंद असेल तर राउटरच्या पानावर तुमचा बाहेरचा आयपी (इंटरनेटवरचा आकडी पत्ता) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांमधल्या आकड्यांनी सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. एकच सार्वजनिक आयपी कित्येक घरांत वाटलेला असतो, त्यामुळे राउटरमध्ये कितीही पोर्ट (आत यायच्या क्रमांकाच्या वाटा) उघडले तरी बाहेरून कुणी आत येणार नाही. उपाय तीन: कंपनीकडून स्थिर आयपी घेणं, आयपीव्ही६ (नव्या तऱ्हेचा आयपी) मिळत असेल तर ते वापरणं, किंवा एखादा छोटा भाड्याचा सर्व्हर घेऊन वायरगार्ड या व्हीपीएन प्रोग्रामने घरापर्यंत बोगदा काढणं. मी तिसरा घेतला.

"कनेक्शन सुरक्षित नाही" असा इशारा येत असेल तर बहुधा साइटची ओळख पटवणाऱ्या सर्टिफिकेटची मुदत संपलीय. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था फुकट देते ते सर्टिफिकेट सहसा ९० दिवसांचं असतं, आणि मुदत संपत आल्याची आठवण करून देणारे ईमेल त्यांनी जून २०२५ मध्ये बंद केले. आपोआप नूतनीकरण होतंय असं समजून बसू नका, तारीख स्वतः बघा. नेहमीचं कारण म्हणजे 'आता सगळं एचटीटीपीएस' म्हणून कुणीतरी ८० क्रमांकाचं पोर्ट बंद केलेलं असतं, आणि साइट तुमचीच आहे ना याची त्यांची तपासणी बहुधा त्याच पोर्टवरून होते. चिडून पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका. एका तासात पाच तपासण्या फसल्या की थांबावं लागतं. चाचणीसाठी त्यांचा वेगळा सर्व्हर आहे.

वीज, पाऊस आणि बॅकअप

पावसात माडाचं झावळं तारेवर पडतं आणि वीज जाते, येते, पुन्हा जाते. लिहिणं चालू असताना वीज गेली की एसडी कार्ड खराब होऊ शकतं. माझी दोन गेली. साइट एसएसडीवर हलवा, आणि पायला नि राउटरला दोघांनाही छोटा यूपीएस द्या; एकालाच देऊन उपयोग नाही. रास्पबेरी पाय ५ च्या आधीच्या बोर्डांना स्वतःचं घड्याळ नसतं. वीज आली पण इंटरनेट आलं नाही तर ते चुकीच्या वेळेवर उठतं आणि सर्टिफिकेटच्या विचित्र तक्रारी सुरू होतात. आधी वेळ बघावी.

डोमेनचं (साइटच्या नावाचं) शुल्क कार्डावरून आपोआप कापलं जाईल यावर भरवसा ठेवू नका. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे आवर्ती वसुलीचे नियम लागू झाल्यावर परदेशी कंपन्यांच्या कित्येक वसुल्या भारतीय कार्डांवर नाकारल्या जाऊ लागल्या. मी कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवतो.

फोटो चढवण्याआधी त्यातली जागेची माहिती काढा. माझ्या आवारातल्या आंबाड्याच्या फोटोत घराचे अक्षांश-रेखांश होते, आणि हे मला एका वाचकाने सांगितलं.

बॅकअप रोज होत होता. पण तो त्याच पायला लावलेल्या डिस्कवर, त्याच टीव्हीमागे. आता एक प्रत भाड्याच्या सर्व्हरवर जाते आणि एक महिन्यातून एकदा डिस्कवर काढून साखळीला बहिणीकडे. डिस्कच्या डब्यात ओल शोषणारी पुडी टाकतो. दर चार महिन्यांनी जुन्या लॅपटॉपवर ती प्रत उघडून साइट शून्यातून उभी करतो. पहिल्यांदा केलं तेव्हा कळलं की सगळा मजकूर होता, फोटोंचा फोल्डर मात्र बॅकअपच्या यादीत कधी घातलाच नव्हता.