सोसायटीच्या पॅनेलमध्ये नेटवर्कवरचा चेक मीटर कसा बसवावा

सामाईक विजेचं बिल फुगलं की मीटिंगमध्ये एक गट पंपावर खापर फोडतो, दुसरा लिफ्टवर. चेक मीटर (कंपनीच्या मीटरशिवाय पडताळणीसाठी आपण लावलेला मीटर) बसवून आकडे कॉम्प्युटरवर आणले की हा वाद मिटतो, पण आकडे खरे असतील तरच. लोक आयपी ॲड्रेसशी दोन दिवस झटापट करतात आणि सीटी (करंट मोजायला वायरीवर बसवलेला करंट ट्रान्सफॉर्मर) उलटी बसलीय का, हे दोन मिनिटं बघत नाहीत. म्हणून आधी पॅनेल, नेटवर्क नंतर.

इथे थ्री फेज चार वायरची जोडणी, १००/५ च्या (१०० अँपिअरला ५ अँपिअर देणाऱ्या) तीन सीटी, आरएस-४८५ पोर्ट (दोन तारांवरून आकडे पाठवणारं) असलेला पॅनेल मीटर आणि त्याला लॅनवर आणणारा मॉडबस गेटवे असं साहित्य धरलंय. मॉडबस म्हणजे मीटरची आकडे देण्याघेण्याची भाषा. वीज कंपनीच्या सीलबंद मीटरला हात लावायचा नाही. आपला मीटर त्याच्यापुढे, मेन स्विचनंतर. पॅनेलमधलं काम परवानाधारक वायरमनकडूनच, सप्लाय बंद करून.

सीटी आणि व्होल्टेज

सीटीवर पी१ आणि पी२ असं कोरलेलं असतं. पी१ ची बाजू सप्लायकडे, पी२ ची लोडकडे. एस१, एस२ च्या वायरी मीटरच्या त्या-त्या फेजच्या करंट टर्मिनलला. मीटरला व्होल्टेज देणाऱ्या तिन्ही वायरींत छोटे फ्यूज घाला. लोड चालू असताना सीटीची सेकंडरी (एस१-एस२ ची बाजू) कधीही उघडी सोडायची नाही. तिथे जीवघेणं व्होल्टेज तयार होतं. मीटर काढायचाच झाला तर आधी एस१-एस२ शॉर्ट करायचे.

सप्लाय चालू करून मीटरच्या बटणांनी जोडणीचा प्रकार (थ्री फेज चार वायर), सीटी प्रायमरी १०० आणि सेकंडरी ५ भरा. प्रायमरी ५ च राहिली तर मीटर विसाव्या भागाइतकंच दाखवेल.

आता पंप चालू करून फेजवार केडब्ल्यू (किलोवॅट) बघा. तिन्ही आकडे अधिक आणि जवळपास सारखे हवेत. एक सीटी उलटी असेल तर त्या फेजचा आकडा उणे येतो आणि एकूण केडब्ल्यू खऱ्याच्या एक तृतीयांश दिसतं. आर आणि वाय या दोन फेजच्या सीटींची अदलाबदल झाली असेल तर गंमत आणखी मोठी: पंप धडधडतोय, अँपिअर व्यवस्थित दिसतायत आणि एकूण केडब्ल्यू शून्याच्या आसपास. मी एकदा हे बघून मीटरच खराब म्हणून परत करायला निघालो होतो. दोन वायरींची जागा बदलली आणि काम झालं.

खात्रीसाठी कंपनीच्या मीटरचा लुकलुकणारा दिवा वापरा. बाकी सगळं बंद, फक्त ५ एचपीचा पंप चालू. मीटरवर ‘८०० इम्प/केडब्ल्यूएच’ (एका युनिटला ८०० लुकलुकी) लिहिलंय आणि १० लुकलुकींना १० सेकंद लागले, तर ३६०० × १० ÷ (८०० × १०) = ४.५ किलोवॅट. चेक मीटरचा आकडा याच्या जवळपास हवा.

तार आणि गेटवे

मीटरपासून गेटवेपर्यंत पीळ दिलेली, शील्डची दोन तारांची केबल ओढा. पॉवर केबलच्या ट्रेमधून नको. ए ला ए, बी ला बी. शील्ड एकाच टोकाला अर्थ करा. मीटर अनेक असतील तर एकातून दुसऱ्यात अशी माळ करायची, फांद्या काढायच्या नाहीत. लाइन लांब असेल तर दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर.

मीटरमध्ये स्लेव्ह ॲड्रेस (तारेवरचा मीटरचा नंबर, १ ते २४७ मधला), बॉड रेट (पाठवण्याचा वेग) ९६०० आणि पॅरिटी (चूक पकडायची खूण) ठरवा. गेटवेच्या सीरियल सेटिंगमध्ये बॉड रेट आणि पॅरिटी तंतोतंत तीच हवी. गेटवेचा मोड ‘मॉडबस टीसीपी ते आरटीयू’ (लॅनवरचं मॉडबस ते तारेवरचं), पोर्ट ५०२. राउटरमध्ये गेटवेचा आयपी राखून ठेवा, नाहीतर वीज जाऊन आली की पत्ता बदलतो आणि सॉफ्टवेअर बसतं जुन्या पत्त्यावर हाका मारत.

उत्तरच येत नाही? ए-बी उलटे करून बघा. काही कंपन्या ही अक्षरं उलट छापतात आणि अदलाबदलीने काही जळत नाही.

रजिस्टर वाचताना

रजिस्टर म्हणजे मीटरमधला आकड्याचा कप्पा. मॅन्युअलमध्ये व्होल्टेजचं रजिस्टर, समजा, ३०००१ असतं, सॉफ्टवेअर मात्र ० मागतं. मोजणी शून्यापासून आहे, एवढंच. ३ ने सुरू होणाऱ्यांना फंक्शन (वाचायचा आदेश) ०४, ४ ने सुरू होणाऱ्यांना ०३. बऱ्याच मीटरांत एक आकडा दोन रजिस्टरांत फ्लोट (दशांशाचा आकडा) म्हणून असतो. २३० व्होल्ट म्हणजे हेक्समध्ये ४३६६ आणि ०००० असे दोन तुकडे. ते उलट्या क्रमाने जोडले तर व्होल्टेज जवळजवळ शून्य दिसतं. अशा वेळी सॉफ्टवेअरमधला शब्दक्रमाचा (वर्ड ऑर्डर, म्हणजे दोन तुकड्यांचा क्रम) पर्याय बदला.

मॉडबस १९७९ सालचा; त्याला पासवर्ड ठाऊक नाही. पोर्ट ५०२ राउटरमधून बाहेर उघडू नका. घरून बघायचं असेल तर व्हीपीएन (इंटरनेटवरून सुरक्षित खासगी जोडणी).

नोंद ठेवताना केडब्ल्यूची बेरीज करून युनिट काढू नका, मीटरचं केडब्ल्यूएच (युनिटचं) रजिस्टरच साठवा. नेट रात्रभर बंद पडलं तरी मीटर मोजत असतो. सकाळच्या आकड्यातून आदल्या रात्रीचा वजा केला की युनिट मिळतात.