दहाच्या आत कॉन्डोर उठत नाही

पहिल्या दिवशी मी पहाटे साडेपाचलाच कड्यावर जाऊन बसलो होतो. दुर्बीण, थर्मास, कोरी वही. सव्वादहापर्यंत चिटपाखरू नाही. पक्षी बघायचे तर पहाटे, ही घरची सवय कॅलिफोर्नियातल्या तेहाचापी डोंगरांत कामाची नाही. कॉन्डोर म्हणजे इथलं गिधाड. नऊ-दहा किलोंचं, जवळजवळ तीन मीटर पंखांचं हे धूड पंख मारत उडत नाही. ऊन तापून हवा वर चढायला लागली की निघतं. तोवर झाडावर पंख पसरून ऊन खात बसतं. तुम्हीही निवांत नाश्ता करून जा.

नजर आकाशापेक्षा डोंगराच्या धारेवर ठेवा. वारा उताराला धडकून वर वळतो, आणि तिथूनच त्यांचा रस्ता जातो. धारेच्या टोकाला घिरट्या घालत उंची कमवायची, मग पंख न हलवता समोरच्या रांगेपर्यंत घसरत जायचं. एखादा पक्षी दिवसात 200 किलोमीटरच्या वर जातो. तुमच्या वाट्याला त्यातली दोन-चार मिनिटं येतात. म्हणून वेळ, आला कुठून, गेला कुठे, कड्याच्या वरून की खालून, एवढं तरी लिहाच. ‘11 ते 12, एकही नाही’ हेसुद्धा. रिकामे तास गाळले तर मार्गाचा नकाशा खोटा होतो.

ओळखण्यात सगळेच फसतात. टर्की गिधाड पंख वर उचलून डुलत जातं. कॉन्डोर फळीसारखा सपाट, विमानाइतका स्थिर. कोवळ्या सोनेरी गरुडाचा पांढरा रंग पंखाच्या मागच्या मोठ्या पिसांच्या बुडाशी असतो, प्रौढ कॉन्डोरचा पुढच्या बाजूला, त्रिकोणी. कॉन्डोरच्या पिल्लांचं डोकं काळपट असतं, प्रौढांसारखं केशरी नाही.

रँच, म्हणजे गुरांची मोठी कुरणं, खाजगी असतात. परवानगीशिवाय कुंपण ओलांडू नका. फाटक उघडं दिसलं तर उघडंच ठेवा, बंद असेल तर बंद करा. तिथल्या गुराख्यांशी ओळख काढा. गाय कुठे मेली ते त्यांना आधी कळतं, आणि कॉन्डोर तिथेच उतरतात. आपल्याकडे गिधाडांना गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक नडलं, इथे शिकारीत उरलेल्या आतड्यांतलं गोळ्यांचं शिसं. 1987 मध्ये जगात 27 कॉन्डोर उरले होते, सगळे पिंजऱ्यात. 1992 पासून परत सोडले. शिकारीला शिशाच्या गोळ्या वापरायला कॅलिफोर्नियात 2019 पासून पूर्ण बंदी आहे.

सोडलेल्या कॉन्डोरच्या पंखावर ओळखीचा बिल्ला असतो. त्याचा रंग आणि आकडा दोन्ही टिपायचे. रंगावरून आकड्यांची मालिका ठरते, म्हणजे रंग चुकला की पक्षीच बदलला.

तिसऱ्या आठवड्यात एक माझ्या पायाखालून, कड्याच्या अगदी कडेने गेला. पिसांतून वारा कापल्याचा आवाज आला, ताडपत्री फडफडावी तसा. मान वळवून त्याने माझ्याकडे पाहिलंही. हात थरथरत होता, तरी आकडा लिहिला.

रंग लिहायचा राहिला.