पुढाऱ्याचं अर्कचित्र 'स्पाय'च्या पद्धतीनं कसं काढायचं

पुढाऱ्याचं कॅरिकेचर म्हटलं की आपल्याकडची पोरं आधी मोबाईल काढतात, नेटवरचा फोटो उघडतात, नाक मोठं करतात, पोट मोठं करतात आणि झालं चित्र. चेहरा ओळखू येतो हो, पण तो माणूस त्यात कुठं सापडतो? माणूस सापडायला पाहिजे असेल तर लंडनच्या 'व्हॅनिटी फेअर' साप्ताहिकातली 'स्पाय' अशी सही असलेली जुनी चित्रं एकदा निवांत बघा. बेळगाव, खानापूर, निपाणीकडं चित्रं काढणारी भरपूर पोरं आहेत, गणपतीची डेकोरेशनं आणि शिवजयंतीचे चित्ररथ बघितले की हातात किती कला आहे ते कळतंच, त्यांच्यासाठीच हे लिहितोय.

थॉमस गिब्सन बोल्स नावाच्या माणसानं १८६८ ला हे साप्ताहिक काढलं. ३० जानेवारी १८६९ च्या अंकात डिझरायली या ब्रिटिश पुढाऱ्याचं रंगीत अर्कचित्र आलं, पुढच्याच आठवड्यात दुसरा मोठा पुढारी ग्लॅडस्टनचं, आणि मग १९१४ पर्यंत मंत्री, लॉर्ड, जज्ज, सेनापती असे दोन हजारांवर लोक त्यात येऊन गेले. आपले क्रिकेटवाले रणजितसिंहजी पण आहेत, १८९७ चं चित्र. पहिली चित्रं कार्लो पेलेग्रिनी या इटालियन माणसानं काढली, सही करायचा 'एप' म्हणून. १८७३ पासून लेस्ली वॉर्ड आला, त्याची सही 'स्पाय', आणि जवळजवळ चाळीस वर्षं त्यानं हेच काम केलं. एप जास्त तिखट, डोकं मोठं नि पाय आखूड करून टाकायचा. स्पाय त्यामानानं सौम्य. शिकायला मला स्पाय बरा वाटतो, कारण तो आधी बघतो आणि मग बिघडवतो.

वॉर्डची खरी ताकद होती त्याच्या आठवणीत. पार्लमेंटमधे, कोर्टात जाऊन माणसाला नुसतं बघत बसायचा आणि घरी येऊन आठवणीतनं काढायचा. म्हणून तुमचं पहिलं काम पेन्सिलीचं नाहीच, डोळ्यांचं आहे. कर्नाटक सरकारच्या हिवाळी अधिवेशनाला सगळे मंत्री-आमदार बेळगावात येतात, तिथल्या विधानभवनाच्या, म्हणजे सुवर्ण विधानसौधच्या गॅलरीचा पास कुणाच्या ओळखीनं मिळाला तर सोडू नका. नाही मिळाला तरी काही अडत नाही, शिवजयंतीच्या मिरवणुकीत पुढं चालणारे, साखर कारखान्याच्या सभेत स्टेजवर बसलेले, कार्यालयात लग्नाला अक्षता टाकायला आलेले पुढारी काय कमी आहेत काय. तिथं कागद-पेन्सिल काढूच नका. माणसाला आपण चित्रात येतोय हे कळलं की तो फोटोसारखा उभा राहतो, मग संपलं.

बघायचं काय, तर चेहरा सगळ्यात शेवटी. आधी उभं राहणं बघा, वजन कुठल्या पायावर आहे, गुडघा मोडलाय का ताठ आहे. मग हात बघा, हात लई बोलतात. एखादा पुढारी नमस्कार करताना बोटं पूर्ण जुळवतच नाही, एखाद्याचा डावा हात सारखा जाकिटाच्या खिशावर, एखादा खुर्चीत बसला की चप्पल अर्धी काढून अंगठ्यानं हलवत राहतो. मग मान, ती खांद्यात घुसलीय का पुढं आलीय. घरी आल्यावर लगेच, जेवायच्या आधी, पाच-सहा छोट्या काड्यांची माणसं काढा, नाक-डोळे न काढता. घरातल्या कुणाला तरी दाखवा आणि विचारा हे कोण. नाव बरोबर आलं तर चित्र जमणार. नाही आलं तर परत बघायला जा, नाक मोठं करून ते भरून निघत नाही.

आता कागद. इथं जरा थांबून सांगतो, कारण आपल्या पुढाऱ्यांसाठी ही गोष्ट फारच कामाची आहे. एप आणि स्पायची कितीतरी मूळ चित्रं निळसर कागदावर वॉटर कलरमधे आहेत. आपले लोक बहुतेक पांढऱ्या कपड्यात, पांढरी टोपी, पांढरा सदरा, पांढरं धोतर नाहीतर पँट, ते पांढऱ्या कागदावर काढलं की नुसती बाह्यरेषा उरते आणि माणूस फुग्यासारखा दिसतो. निळसर-राखाडी टिंटेड कागद घ्या, जाडसर, आणि चारी बाजूनं बोर्डवर टेप लावून घट्ट बसवा म्हणजे पाण्यानं फुगणार नाही. सदऱ्याची सावली रंगवायचीच नाही, कागदाचा रंग तसाच सोडायचा. पांढरा पोस्टर कलर जिथं उजेड पडतो तिथंच, खांद्यावर, पोटाच्या वरच्या भागात, टोपीच्या कडेवर, खांद्यावर जाड नि खाली येईल तसा पाणी घालून पातळ. कडक इस्त्रीची घडी कोपरापाशी मोडलेली असते ती एका बारीक राखाडी रेषेनं दाखवा, त्या एका घडीनं माणूस नुकताच गाडीतनं उतरलाय हे कळतं.

प्रमाणाचं म्हणाल तर साधा माणूस साडेसात डोक्यांएवढा उंच धरतात, तुम्ही साडेपाच-सहा धरा, त्याच्या खाली गेलात की लहान पोराच्या कार्टूनसारखं व्हायला लागतं. चित्र पूर्ण उभं काढा, डोक्यापासनं चपलेपर्यंत. बॅकग्राउंड काही नको, पायाखाली थोडी सावली बास. स्टेज, झेंडा, पक्षाचं चिन्ह असलं काही घालू नका, चिन्हाशिवाय ओळखू यायला पाहिजे. आणि अतिशयोक्ती एकाच गोष्टीची करा, फार तर दोन. मान वाढवली तर नाक राहू द्या.

एक गोष्ट मनापासनं सांगतो. आपल्या भागात भाषेवरनं डोकी पटकन तापतात, त्यामुळं मराठी पुढारी गोड नि कन्नड पुढारी राक्षस, किंवा उलटं, असं करू नका. दोघांनाही तितक्याच बारकाईनं बघा. जात, रंग, आजारपण, अपंगत्व यावर चित्र काढायचं नाही. 'व्हॅनिटी फेअर'मधे आपलं चित्र येणं कितीतरी लोकांना मानाचं वाटायचं, आणि ते गुळगुळीत नव्हतं तरी वाटायचं.

शेवटी खालची ओळ. डिझरायली-ग्लॅडस्टनच्या चित्रांखाली बोल्सनं आख्खी वाक्यं टाकली होती, ग्लॅडस्टनच्या खाली तर अशा अर्थाचं, की हा माणूस थोडा वाईट असता तर जास्त चांगला राजकारणी झाला असता. पुढं पुढं दोन-तीन शब्दांवर आलं, डार्विनच्या खाली नुसतं 'नॅचरल सिलेक्शन'. तुम्ही पण नाव लिहू नका. त्यांचं नेहमीचं एखादं वाक्य, 'बघूया की', 'उद्या या', 'करून टाकतो', जे ते खरंच सारखं म्हणतात तेच टाका. प्रिंट काढायची असेल तर स्कॅन कमीत कमी ३०० डीपीआयला करा आणि बेळगावच्या खडेबाजारात नाहीतर जवळच्या प्रेसमधे मॅट कागदच मागा, चकचकीत कागदावर तो निळसर रंग मरतो. कोपऱ्यात सही आणि तारीख टाका, पुढच्या वर्षी तोच माणूस परत काढाल तेव्हा त्याचं काय बदललं ते शेजारी ठेवून बघता येईल.