नववी-दहावीच्या मुलांना स्वतःचा अभ्यास स्वतः सांभाळायला कसं शिकवावं

नववीच्या पालकसभेत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "बाई, मी मागे लागले नाही तर हा पुस्तक उघडत नाही." त्यावर नातेवाईक आणि शेजारी देतात ते सल्लेही ठरलेले. रंगीत वेळापत्रक करा, मोबाइल काढून घ्या, नव्वद टक्के मिळाले तर सायकल कबूल करा, पहाटे चारला उठवा. गणित शिकवताना मी हे सगळे उपाय घरोघरी होताना पाहिले आहेत. प्रत्येकात लगाम मोठ्यांच्याच हातात राहतो. मूल एवढंच शिकतं की आईचा आवाज चढला की पुस्तक उघडायचं. पुढे बारावीला किंवा वसतिगृहात तो आवाज नसतो, आणि मग मूल गडबडतं.

बॅरी झिमरमन या शिक्षण-मानसशास्त्रज्ञाने स्वतःचं शिकणं स्वतः सांभाळण्याचे तीन टप्पे मांडले आहेत: आधी ठरवणं, मग करताना स्वतःवर लक्ष ठेवणं, आणि झाल्यावर तपासून पाहणं. आपल्याकडे पहिला टप्पा आईवडील उरकतात, दुसऱ्यासाठी मुलावर पहारा बसतो आणि तिसरा निकालाच्या दिवशी रागावून पार पडतो. खाली दिलंय ते या तिन्ही गोष्टी हळूहळू मुलाच्या हातात देण्यासाठी. लागते ती एक शंभर पानी वही. ॲप नको, कारण ते उघडायला मोबाइल हातात घ्यावा लागतो.

1. एकच गोष्ट निवडू द्या

"अभ्यास सुधारायचा" हे फार मोघम झालं. "भूमितीच्या रचना चुकतात" हे चालेल. निवड मुलाची. त्याने "दप्तर भरताना रोज काहीतरी राहतं" हे निवडलं तर तेच घ्या, त्यावर वाद घालू नका.

2. बेत "झालं की" अशा शब्दांत लिहून घ्या

"रोज गणित करीन" हा नुसता संकल्प आहे. "संध्याकाळचा चहा झाला की खिडकीपाशी बसून वर्गसमीकरणांची तीन उदाहरणं सोडवीन" हा बेत आहे. अमुक घडलं की मी तमुक करीन, असं आधीच ठरवलेलं काम नुसत्या निश्चयापेक्षा जास्त वेळा पार पडतं, हे पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं आहे. घड्याळापेक्षा एखाद्या घटनेला बेत बांधा. सहा वाजतात तेव्हा घरी पाहुणे असू शकतात, चहा मात्र रोज होतो. आणि तीन म्हणजे तीनच उदाहरणं. पहिल्याच दिवशी दहा लिहिणाऱ्या मुलाला मी सात खोडायला लावते.

इच्छाशक्ती वाढवण्याची भाषणं इथे देऊ नका. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेलचा गोड खाऊचा प्रयोग लोक वारंवार सांगतात: लहान मुलासमोर खाऊ ठेवायचा आणि सांगायचं, लगेच न खाता थांबलास तर जास्त मिळेल; जे मूल थांबलं ते पुढे यशस्वी झालं. 2018 साली बऱ्याच जास्त मुलांवर तो पडताळून पाहिला, तेव्हा घरची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर हा संबंध पुष्कळच फिका पडला. मूळ प्रयोगातली जी मुलं थांबली, त्यातली बरीचशी खाऊकडे बघतच नव्हती, गाणी म्हणत होती, डोळे झाकत होती. म्हणजे त्यांनी मोह होणार नाही अशी सोय केली होती, आणि अशी सोय करणं शिकवता येतं.

3. मार्कांचा अंदाज लिहायला लावा

घटक चाचणीचा पेपर देण्याआधी मुलाने मागच्या पानाच्या कोपऱ्यात आकडा लिहायचा: 20 पैकी किती मिळतील. पेपर तपासून आला की दोन आकडे शेजारी ठेवायचे. 17 लिहून 9 मिळालेल्या मुलाला बहुतेक वेळा धडा "ओळखीचा" वाटत असतो, कारण त्याने तो दोनतीनदा वाचलेला असतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 सालच्या अभ्यासात, आठवड्यानंतर जास्त आठवलं ते पुन्हा वाचणाऱ्यांना नव्हे, तर पुस्तक मिटून आठवून लिहिणाऱ्यांना. तेव्हा धडा वाचून झाला की पुस्तक मिटायचं आणि कोऱ्या कागदावर लिहायचं.

4. बेत मोडतो तेव्हा

बेत मोडणारच. साधारण दुसऱ्या आठवड्यात वहीत कोरे दिवस दिसू लागतात. बहुतेक घरांत सगळा प्रयोग इथेच संपतो. आई म्हणते, "बघितलंस? मला ठाऊकच होतं," आणि वेळापत्रक पुन्हा आपल्या हातात घेते. मला स्वतःलाही शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागला तो याच पायरीवर, म्हणून इथे जरा सविस्तर सांगते.

आठवड्यातून एकदा, शक्यतो रविवारी जेवणं झाल्यावर, दहा मिनिटं वही घेऊन बसा. वही मुलाच्या हातात असू द्या, तुमच्या नको. आधी मुलाने बोलायचं: काय ठरवलं होतं, किती झालं. त्या दहा मिनिटांत तुम्ही "का नाही केलंस?" हा प्रश्न विचारायचा नाही. या प्रश्नाला मुलं एकच उत्तर देतात, "आळस आला," आणि आपण ते खरं मानून आळसावर प्रवचन सुरू करतो. त्याऐवजी विचारा, "नेमकं कुठे अडलं?" उत्तर आलं की आणखी खोलात जा: त्या वेळी तू कुठे होतास, हातात काय होतं, घरात काय चाललं होतं?

नववीतल्या एका मुलाची वही माझ्यासमोर होती. बुधवार, गुरुवार, शुक्रवार कोरे.

"बाई, कंटाळा केला."

"बरं. बुधवारी खेळून घरी आलास, मग?"

"आंघोळ केली. जेवलो."

"मग वही काढलीस?"

"काढली ना. पण आजोबांची मालिका लागते तेव्हा. एकच खोली आहे आमची."

हा आळस नव्हता, बेताची वेळ चुकली होती. मी पुढे काही सुचवलं नाही. सुचवायचा मोह फार होतो, पण तो आवराच. तो थोडा वेळ पेन्सिल फिरवत बसला आणि म्हणाला, "सकाळी नळाला पाणी येतं तेव्हा आई उठवतेच. तेव्हा टीव्ही बंद असतो." त्याने जुनी ओळ खोडून खाली लिहिलं: "पाणी भरून झालं की तीन उदाहरणं." मी सांगितलं असतं तर आणखी एक बाईंची सूचना झाली असती. हा बेत त्याचा होता, आणि पुढे तो मोडला तेव्हा दुरुस्तही त्यानेच केला.

बैठकीत एका वेळी एकच बदल करायचा: वेळ, जागा किंवा कामाचा आकार. तिन्ही एकदम बदलले की कशाचा उपयोग झाला ते कळत नाही. भावंडांशी तुलना करायची नाही, मागच्या वर्षीचे मार्क काढायचे नाहीत. वडील मध्येच येऊन "काय, किती झालं?" असं विचारत असतील तर त्यांना आधीच समजावून ठेवा. आणि वही कोरी राहिली म्हणून शिक्षा करू नका. एकदा शिक्षा झाली की पुढच्या आठवड्यात सगळ्या रकान्यांत बरोबरच्या खुणा दिसतील आणि त्यातल्या निम्म्या खोट्या असतील. खोट्या खुणांच्या वहीवरून कोणालाच काही सुधारता येत नाही.

मूल एखाद्या रविवारी गप्पच बसलं तर जबरदस्तीने बोलतं करू नका. "पुढच्या रविवारी बघू," म्हणा आणि खरंच पुढच्या रविवारी बसा. सलग काही रविवार मोठ्यांनीच चुकवले तर मूलही ही गोष्ट सोडून देतं.

5. मोबाइल आणि झोप

मोबाइल हिसकावून घेतला की मूल तो लपवायला शिकतं. नियम मुलानेच लिहावा आणि तो घरातल्या सगळ्यांना लागू असावा. माझ्या पाहण्यात सगळ्यात टिकलेला नियम साधा आहे: रात्रीची जेवणं झाली की सगळ्यांचे मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला, बाबांचासुद्धा. 13 ते 18 वयाला 8 ते 10 तास झोप लागते, आणि या वयात शरीराला झोप येण्याची वेळच पुढे सरकते. त्यामुळे रात्री अकरापर्यंत क्लासचा गृहपाठ आणि पहाटे चारला उठवणं हे मला अजिबात मान्य नाही. झोप न झालेल्या मुलाला राग आवरत नाही आणि लक्षही लागत नाही.

6. राग

भांडण पेटायच्या आधीच एक वाक्य ठरवून ठेवा: "मला दहा मिनिटं दे." ते मुलाने म्हटलं की मोठ्यांनी त्याच्या मागोमाग खोलीच्या दारापर्यंतही जायचं नाही. मोठ्यांनीही ते वापरावं.

7. हात काढून घेणं

बैठका सुरळीत झाल्या की आठवड्यातून एकदाऐवजी पंधरा दिवसांनी बसा, पुढे मूल बोलावेल तेव्हा. आठवण करून देणं हळूहळू कमी करा, एकदम बंद नको. पहिली गोष्ट जमली की दुसरी मुलाने निवडायची, त्याच वहीत.

एक गोष्ट मात्र वेगळी काढा. मूल आठवडेच्या आठवडे झोपत नसेल, जेवत नसेल, आवडीचं सगळं सोडून बसलं असेल किंवा जगण्याचा कंटाळा आल्याचं बोलत असेल, तर वही बाजूला ठेवा. हा सवयीचा प्रश्न नाही. डॉक्टरांना भेटा, किंवा केंद्र सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सेवेला 14416 वर फोन करा. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

हे सगळं नववीच्या जूनमध्ये सुरू केलेलं उत्तम, दिवाळीनंतरही चालतं. दहावीच्या पूर्वपरीक्षेच्या तोंडावर मात्र काही नवीन काढू नका. तेव्हा फक्त तिसरी पायरी घ्या: पुस्तक मिटून लिहिणं आणि पेपरआधी अंदाजाचा आकडा.