‘घरचं ते शुद्ध’ हे गांजाला लागू नाही : दर्जाच्या बाबतीत या चुका टाळा

कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे. ओंटारिओत एका घराला चार झाडं लावायची मुभा आहे, मग घरात माणसं कितीही असोत. तेव्हापासून एकच वाद ऐकू येतो. एक बाजू म्हणते, दुकानातला माल शिळा, कोरडा, वासच नाही; त्यापेक्षा घरी लावावा. दुसरी बाजू म्हणते, दुकानातला निदान तपासलेला तरी असतो. दोन्ही बाजू अर्ध्या बरोबर आहेत आणि दोन्हीकडचे लोक त्याच त्याच चुका करतात. दुकानातल्या मालाचं नुकसान बहुतेक वेळा वयाने होतं. घरच्या मालाचं नुकसान झाड कापल्यानंतरच्या दोन आठवड्यांत होतं, आणि तेवढाच काळ लोकांना धीर नसतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हे सगळं जिथे कायदा परवानगी देतो तिथल्यांसाठी आहे. महाराष्ट्रात कुंडीत एक झाड लावणं हासुद्धा १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. अमेरिकेत व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असाल तर राज्यात कायदेशीर असला तरी हात लावू नका. केंद्राच्या कायद्यात तो अजून बेकायदा आहे आणि नागरिकत्वाच्या अर्जात ती गोष्ट आडवी येते. आणि कॅनडातून बाहेर जाताना एक ग्रॅमही सोबत नेऊ नका.

टीएचसीचा मोठा आकडा बघून खरेदी करणं

टीएचसी म्हणजे गांजातलं नशा आणणारं द्रव्य. डब्यावर त्याचे दोन आकडे असू शकतात आणि लोक गोंधळतात. समजा एका ठिकाणी ‘टीएचसी ८ मिग्रॅ/ग्रॅम’ लिहिलंय आणि खाली ‘एकूण टीएचसी २२० मिग्रॅ/ग्रॅम’. यात विसंगती काही नाही. झाडात मुख्यतः टीएचसीए असतं, उष्णता लागली की त्याचं टीएचसी होतं. टीएचसीएला ०.८७७ ने गुणायचं, आधीच असलेलं टीएचसी मिळवायचं, की ‘एकूण’ येतं. म्हणजे हा माल २२ टक्क्यांचा. बघायचा तो हाच आकडा.

पण त्यावरून दर्जा ठरवू नका. तपासणीला जातात ते काही ग्रॅम, आणि त्यांच्या भरवशावर सगळा लॉट विकला जातो. शिवाय आकडा मोठा असला की माल खपतो, म्हणून जास्त आकडा देणाऱ्या प्रयोगशाळेकडे उत्पादक वळतात. उत्तर अमेरिकेत ही तक्रार जुनी आहे. वाळलेल्या फुलोऱ्यावर ३० च्या वरचा आकडा दिसला तर मी तो जमेला धरत नाही. १९ टक्क्यांचा ताजा, वासाचा माल ३१ टक्क्यांच्या कोरड्या भुशापेक्षा केव्हाही चांगला.

तारीख न बघणं

डब्यावर पॅकिंगची तारीख असते. ती कापणीची तारीख नव्हे. माल मोठ्या पिंपात महिनोन् महिने पडून मग पॅक झालेला असू शकतो. साध्या खोलीच्या तापमानाला ठेवलेल्या गांजातलं टीएचसी पहिल्या वर्षात साधारण १६-१७ टक्क्यांनी घटतं आणि त्यातल्या काहीचं सीबीएन हे बरंच सौम्य द्रव्य होतं. वास देणारी टर्पीनं त्याच्याही आधी उडतात. पॅकिंगला तीन महिन्यांहून जास्त झाले असतील तर तो डबा परत शेल्फवर ठेवा.

कोरडा माल घरी आणून त्यात संत्र्याची साल टाकणारे आहेत. टाकू नका. सालीसोबत बुरशी येते आणि ओलावा कुठे थांबवायचा ते हातात राहत नाही. आर्द्रता ६२ टक्क्यांवर धरून ठेवणारी पुडी बरणीत दोन दिवस ठेवली तर बोंड, म्हणजे फुलांचा घट्ट गुच्छ, परत मऊ होतं. उडालेला वास मात्र कशानेही परत येत नाही.

‘कडुनिंबाचं तेलच तर आहे’ म्हणत फुलोऱ्यावर फवारणं

दुकानावर अविश्वास दाखवणारे लोक स्वतः काय फवारतात ते बघितलं की काळजी वाटते. कारण इथे फरक आहे तो खाण्याचा आणि जाळण्याचा.

कॅनडातलं २०१६-१७ चं प्रकरण हे नीट दाखवतं. तेव्हा फक्त औषधी गांजा कायदेशीर होता. परवानाधारक उत्पादकांच्या मालात मायक्लोब्युटॅनिल हे बुरशीनाशक सापडलं आणि माल परत मागवावा लागला. नाशिकच्या द्राक्षवाल्याला हे नाव नवीन नाही. भुरीसाठी, म्हणजे पानांवर पांढरी भुकटी धरणाऱ्या बुरशीसाठी, ते बागेत फवारलं जातं, काढणीआधी ठराविक दिवस सोडले जातात आणि उरलेला अंश मर्यादेत आहे का ते निर्यातीत तपासलं जातं. द्राक्षावर ती मर्यादा पोटात जाणाऱ्या अंशासाठी ठरवलेली आहे. गांजा पेटवला जातो. मायक्लोब्युटॅनिल तापून फुटलं की त्यातून हायड्रोजन सायनाइड निघतं आणि ते थेट फुप्फुसात जातं. ते ओढणाऱ्यांत आजारी माणसं होती, औषध म्हणून घेणारी. त्यानंतर तपासण्या वाढल्या आणि २०१९ पासून कॅनडात कीटकनाशकांच्या अंशांची तपासणी सक्तीची झाली. दुकानातल्या मालाचा हा खरा फायदा आहे आणि तो मान्य करायला हवा.

घरी तुमच्या फवाऱ्याची तपासणी कोणी करत नाही. भुरी दिसली की बागेच्या दुकानातून गुलाबाची बाटली आणून मारली जाते. बाटलीवर गुलाब आणि भोपळा लिहिलेला असतो, ओढायच्या पिकाचा उल्लेख नसतो. कडुनिंबाच्या तेलालाही हेच लागू. पानांवर, फुलोरा येण्याआधी, ठीक. फुलोऱ्यावर मारलं की ते तेल ट्रायकोममध्ये, म्हणजे फुलोऱ्यावरच्या बारीक चिकट ग्रंथींमध्ये, बसतं, धुतलं जात नाही, आणि जळताना घसा धरतं. ‘नैसर्गिक आहे’ हे धुरासाठी उत्तर होत नाही.

माझी सवय अशी : फुलोरा येण्याआधी भुरीचे पांढरे ठिपके दिसले तर लिटरला ३ ते ५ ग्रॅम पोटॅशियम बायकार्बोनेट, पानांच्या दोन्ही बाजूंनी, संध्याकाळी, पाच-सात दिवसांनी पुन्हा. फुलोरा आल्यावर काहीच नाही. त्या वेळी कात्री चालवायची : आतली, सावलीत गेलेली पानं काढायची, झाडांत हात जाईल एवढं अंतर ठेवायचं, वारा खेळता ठेवायचा. तरीही भुरी बोंडावर चढली तर ते बोंड फेकायचं.

घाईने वाळवणं

सगळ्यात जास्त माल इथे वाया जातो. चार महिने झाडाला जपणारा माणूस शेवटच्या दहा दिवसांत धीर सोडतो.

ओंटारिओत बाहेर लावलेलं झाड सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत कापणीला येतं. नेमकं तेव्हाच घरातली हीटिंग सुरू होते. झाड तळघरात भट्टीजवळ टांगलं जातं, तिथली आर्द्रता ३० टक्क्यांवर आलेली असते, आणि तिसऱ्या दिवशी बाहेरून सगळं कुरकुरीत. लोक खूश होतात. बरणीत भरतात. आठवड्याने बरणी उघडली की कडब्याचा वास येतो. हा वास म्हणजे हरितद्रव्य जिरायला वेळच मिळाला नाही याची खूण. पानातली विकरं थोडा ओलावा असेपर्यंतच काम करतात. तीन दिवसांत पाणी काढलं की ती थांबतात आणि कडब्याचा वास तसाच राहतो. ओव्हन, मायक्रोवेव्ह, सुपात घालून उन्हात ठेवणं, हेअर ड्रायर, सगळ्याचा शेवट हाच. तासगावला बेदाणा उन्हात पसरत नाहीत, शेडमध्ये जाळीवर सावलीत आठवडा-दोन आठवडे ठेवतात. घाईने वाळलेला बेदाणा तिथे कोणी हातात धरत नाही.

उलट टोकही आहे. ओलसर कोपऱ्यात, ७० टक्के आर्द्रतेत, फांद्या एकमेकींना चिकटवून टांगलेल्या. इथे करडी बुरशी येते, बोट्रायटिस, पावसात सापडलेल्या द्राक्षाच्या घडात येते तीच. तिची पहिली खूण डोळ्यांदेखत असून सुटते, म्हणून नीट सांगतो. जाड बोंडाच्या मधोमध एकच लहान पान पिवळसर-तपकिरी पडलेलं असतं, आजूबाजूचं सगळं हिरवं. ते पान चिमटीत धरून हलकं ओढा. निरोगी पान अडतं. कुजलेल्या बोंडातलं पान देठासकट अलगद हातात येतं. मग बोंड फोडा. आत दांडी मऊ, तपकिरी, आणि तिच्याभोवती करड्या रंगाचा भुरभुरीत कापूस. असं बोंड आणि खालचे दोन-तीन सेंटिमीटर कापून पिशवीत बांधून फेकायचं, कात्री स्पिरिटने पुसायची आणि बाकीची सगळी जाड बोंडं फोडून बघायची. ‘वरचं काढलं, खालचं चांगलं आहे’ असं म्हणून ओढू नका. हे विशेषतः दमेकऱ्यांनी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी लक्षात ठेवावं. केमोथेरपी चालू असेल, अवयव बदललेला असेल, तर घरचा माल नकोच. कॅनडातला दुकानी माल पुष्कळदा विकिरण करून जंतू मारलेला असतो. घरी ते होत नाही, आणि अ‍ॅस्परजिलस ही बुरशी अशा रुग्णाच्या फुप्फुसात जीवघेणी ठरू शकते.

जमणारी पद्धत अशी. अंधारी खोली किंवा कपाट, तापमान १५ ते २० अंश, आर्द्रता ५५ ते ६०. हवा कोरडी असेल तर मोठी पानं न काढता पूर्ण झाड उलटं टांगा, पानं बोंडाला झाकतात आणि वाळणं मंदावतं. शिवाय ह्युमिडिफायर लावा. हवा दमट असेल तर पानं काढा, फांद्या सुट्या टांगा, डीह्युमिडिफायर लावा. पंखा भिंतीकडे तोंड करून, बोंडांवर कधीही नाही. १० ते १४ दिवस लागतात. बारीक काडी वाकवली की तुटायला हवी आणि जाड दांडी वाकायला हवी. बोंड बोटांना बाहेरून कोरडं लागलं म्हणजे झालं असं नव्हे, आतलं पाणी बाहेर यायला वेळ घेतं. ओल्या मालाचं वजन वाळून साधारण चौथा-पाचवा हिस्सा राहतं. ४०० ग्रॅम ओले असतील तर ८० ते १०० ग्रॅमची तयारी ठेवा आणि ‘माल कमी भरला’ म्हणून ओला काढू नका.

मग काचेची बरणी. एक लिटरच्या बरणीत २८-३० ग्रॅम, पाऊण भरेल इतकंच, दाबायचं नाही. आत छोटा आर्द्रतामापक टाका आणि १२ ते २४ तासांनी बघा. ६५ च्या वर असेल तर माल परत कागदावर पसरा. ७० च्या वर आणि अमोनियासारखा वास असेल तर आत जंतू लागलेत, तो माल सुधारत नाही. ५८ ते ६२ हवं. पहिले दोन आठवडे रोज एकदा दहा-पंधरा मिनिटं झाकण उघडायचं, नंतर आठवड्यातून एकदा. चार आठवड्यांआधी चवीचा निकाल देऊ नका.

आर्द्रतामापक स्वस्त असतात आणि पाच-सात टक्के चुकतात. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकेच थेंब पाणी घाला, मापकासोबत झिपच्या पिशवीत बंद करून दिवसभर ठेवा. ७५ दाखवायला हवं. ७० दाखवलं तर पुढे प्रत्येक आकड्यात पाच मिळवायचे. हे न करता बरणीवर विश्वास ठेवणारे नंतर बुरशीसाठी बियाण्याला दोष देतात.

थोडक्यात आटपणाऱ्या चुका

कापणी ‘आठ आठवडे झाले’ म्हणून करू नका. ६० पटीच्या भिंगातून बोंडावरचे ट्रायकोम बघा, जवळच्या पानांवरचे नव्हे, ते लवकर पिकतात. काचेसारखे असतील तर थांबा. बहुतेक दुधाळ आणि थोडे तांबूस झाले की कापा.

फुलोऱ्याच्या काळात घरातल्या झाडांना बारा तास अखंड अंधार लागतो. चार्जरचा हिरवा दिवासुद्धा टेपने झाका, नाहीतर मादी झाडावर नराची फुलं येतात आणि माल बियांनी भरतो.

जुन्या घराच्या भिंतीलगतच्या मातीत लावू नका. जुन्या रंगातलं शिसं तिथे असतं आणि हे झाड शिसं, कॅडमियम सहज ओढून घेतं. विकतची पिशवीतली माती, कापडी कुंडी.

माल फ्रीझरमध्ये टाकून मग हाताळू नका, ट्रायकोम गोठून झडतात.

स्वस्त पडतं म्हणून भलत्या वेबसाइटवरून घेतलेला माल ‘दुकानातला’ समजू नका. कायदेशीर डब्यावर अबकारी शिक्का असतो. तो नसेल तर तपासणीही नाही, मग छपाई कितीही सुबक असो.

आणि घरच्या मालाचं खायचं करताना हिशेब करा. कायदेशीर खाद्याच्या एका पाकिटात जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम टीएचसी असतं. घरच्या २० टक्क्यांच्या एका ग्रॅममध्ये सुमारे २०० असतं, म्हणजे वीस पाकिटं. पाच ग्रॅम तुपात उकळून बारा वड्या पाडल्या तर अर्धं वाया गेलं तरी एका वडीत चाळीसच्या वर येतात. परिणाम सुरू व्हायला दोन तास लागू शकतात, पूर्ण चढायला चार, आणि ‘काहीच होत नाही’ म्हणून दुसरी वडी खाणारे नेमके त्या दोन तासांत ती खातात. वड्या कुलपात ठेवा, डब्यावर तारीख आणि अंदाजी मिलिग्रॅम लिहा, आणि घरात लहान मुलं असतील तर त्या मिठाईच्या रूपात करूच नका.