उन्हाळी भुईमूग उपटण्याआधी बियाण्याची झाडे निवडा

नागपूर जिल्ह्यात उन्हाळी भुईमुगाची काढणी आणि वळवाचा पाऊस बहुधा एकाच सुमारास येतात. त्या घाईत सगळा वेल खळ्यावर पडतो, शेंगांचा एकच ढीग होतो आणि पुढच्या पेरणीचे बियाणे त्याच ढिगातून पोत्याने मोजून बाजूला ठेवले जाते. चांगला वाण तीन-चार हंगामांत उतरलेला मी ज्या शेतांत पाहिला, तेथे बहुतेक ठिकाणी कारण हेच होते.

दुकानदार ‘संकरित भुईमूग’ म्हणून महागडी पिशवी पुढे करतो, ती घेऊ नये. भुईमूग हे स्वपरागीत पीक आहे. त्याचे संकरित बियाणे व्यापारी प्रमाणावर तयार होत नाही. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचे कृषी विद्यापीठ यांनी मिळून दिलेल्या टॅग-24 सारख्या सरळ (संकरित नसलेल्या) वाणाचे प्रमाणित बियाणे एकदा आणले की, भेसळ काढत राहिल्यास घरचे बियाणे काही वर्षे चालते.

निवडीत मात्र डोळा फसतो. धुऱ्याकडेला, पाण्याच्या दांडालगत किंवा शेजारी नांगा पडलेल्या (रोप न उगवलेल्या) जागी एखादे झाड शेंगांनी लगडलेले दिसते आणि तेच बियाण्याला ठेवले जाते. ती करामत मोकळ्या जागेची आणि ओलीची असते. झाडावरील शेंगांची संख्या व वजन यांवर परिस्थितीचा प्रभाव मोठा असल्याने त्यांची आनुवंशिकता, म्हणजे गुण पुढच्या पिढीत उतरण्याचे प्रमाण, बहुतेक चाचण्यांत कमी ते मध्यम आढळते. शंभर दाण्यांचे वजन आणि शेंगेतील दाण्याचे शेकडा प्रमाण हे गुण त्या मानाने पुढच्या पिढीत अधिक खात्रीने उतरतात. शुद्ध वाणात सगळी झाडे अनुवंशाने जवळजवळ सारखीच असतात, त्यामुळे तेथे वेगळ्या ठेवणीची झाडे उपटून टाकणे एवढेच काम उरते. खरी निवड मिसळ झालेल्या जुन्या बियाण्यात फळते, कारण विविधता तेथे असते.

म्हणून काढणीच्या आधी शेताच्या मध्यभागी, दाट व सारख्या उभ्या पिकातील निरोगी झाडांना सुतळी बांधावी, ती वेगळी उपटावीत आणि प्रत्येक झाडाच्या शेंगा स्वतंत्र पिशवीत ठेवाव्यात. पुढच्या हंगामात एका झाडाची एक ओळ पेरावी. प्रत्येक ओळीतील 200 ग्रॅम वाळलेल्या शेंगा फोडून पाहाव्यात. 140 ग्रॅम दाणे निघाले तर उतारा 70 टक्के झाला. ज्या ओळीचा उतारा आणि दाण्याचे वजन दोन्ही चांगले, तीच वाढवावी. शेंगा सोटमुळाजवळ झुपक्याने असलेली झाडे एकसारखी पिकतात, असे मला शेतात वाटत आले आहे. चाचणीचा आधार माझ्याकडे नाही, तरी मी तशीच झाडे आधी पाहतो.

टरफलाची आतली बाजू काळपट झाली की काढणी लांबवू नका. उपट्या (उभट वाढीच्या) वाणांपैकी बहुतेकांच्या दाण्यांना सुप्तावस्था, म्हणजे काही काळ न उगवता राहण्याचा गुण, नसते, त्यामुळे पक्व शेंगांवर पाऊस पडला की दाणे जमिनीतच कोंब धरतात आणि निवडलेले बियाणे हातचे जाते.

हे बियाणे खरिपात पेरताना नेहमीची कामे:
- पेरणी: पुरेशी ओल झाल्यावर, दोन ओळींत 30 आणि दोन झाडांत 10 सेंमी
- बीजप्रक्रिया: प्रतिकिलो ट्रायकोडर्मा (उपयुक्त बुरशी) 5 ग्रॅम, नंतर रायझोबियम (नत्र मिळवून देणारे जिवाणू) 25 ग्रॅम
- खत: हेक्टरी नत्र 25 किलो, स्फुरद 50 किलो
- जिप्सम: हेक्टरी 400 किलो, अर्धे पेरणीला, अर्धे आऱ्या (फुलानंतर जमिनीत शिरून शेंग धरणारे देठ) सुटताना

बियाण्याच्या शेंगा 8 ते 9 टक्के ओलाव्यापर्यंत वाळवून टरफलासह ठेवाव्यात आणि पेरणीच्या तोंडावरच हाताने फोडाव्यात.